वहीत आलेली माणसे

क्षेत्रकार्य करणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी लिहून पाठवाव्यात, असे मागील अंकात या सदरातून कळवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. हे सारे क्षेत्रकार्य एथ्नोग्राफीचे आहे. एथ्नोग्राफी म्हणजे एखाद्या समूहात दीर्घकाळ राहून, त्यांच्या रोजच्या जगण्यात सहभागी होऊन, त्या जगण्याचे वर्णन आणि अर्थ लिहून काढणे. सहावे पत्र मात्र संशोधकाचे नाही. ज्यांच्यावर संशोधन झाले, त्या घरातून ते आले आहे.

प्रश्न : मी पीएच.डी.साठी एका वस्तीत आठ महिने काम करीत आहे. सुरुवातीलाच प्रत्येक घरातून संमतिपत्रावर सह्या घेतल्या आहेत आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरीही आहे. ज्या ताईंच्या घरी मी रोज जाते, त्यांनी परवा शिवणकाम करता करता भावाच्या कर्जाबद्दल आणि त्यावरून घरात झालेल्या मारहाणीबद्दल सांगितले. माझ्या विषयाला ते अगदी लागू पडते. सही असल्यामुळे ते प्रबंधात वापरायला हरकत नसावी ना?

उत्तर : हरकत आहे. सही खरीच आहे, पण ती झाली त्या दिवशी ताई तुम्हाला ओळखत नव्हत्या, आणि परवा त्या जे बोलल्या ते ओळखीच्या, घरात रुळलेल्या मुलीशी बोलल्या. या दोन दिवसांच्या मधल्या काळात जे घडले त्यालाच आपण क्षेत्रकार्य म्हणतो. आपण महिनोन्महिने लोकांच्या घरी जातो, त्यांच्या कामाला हात लावतो, आजारपणात जाऊन बसतो, आणि एक दिवस ते आपल्यासमोर सावरून बसणे सोडून देतात. आपण संशोधक आहोत हे ते विसरले, की आपले काम चांगले चालले आहे असे आपण समजतो. त्यांच्या या विसरण्यावर आपले सगळे ज्ञान उभे असते, आणि म्हणून त्यांच्या वाटणीचे लक्षात ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पुढील सर्व उत्तरांमध्ये मी याच एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण मला या कामात सर्वांत कठीण तीच वाटत आली आहे.

सुजाण संमतीची, म्हणजे सगळे समजून घेऊन दिलेल्या होकाराची, कल्पना आपल्याकडे वैद्यकातून आली. १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालात प्रयोगांसाठी दहा मुद्दे घालून दिले गेले आणि त्यांतील पहिलाच मुद्दा स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा होता. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या बेल्माँट अहवालाने व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली, आणि आज जगभरातील नैतिकता समित्यांचे बरेचसे नमुने त्या चौकटीतून आलेले आहेत. ही चौकट मोलाची आहे, पण ती प्रयोगासाठी बेतलेली आहे. प्रयोगाला सुरुवात असते; सुई टोचण्यापूर्वीचा क्षण बोट ठेवून दाखवता येतो. शिवणयंत्राशेजारी बसलेल्या दोन बायकांच्या बोलण्यात संशोधन नेमके कोणत्या वाक्यापासून सुरू झाले, हे कोणती समिती सांगणार? समितीने कागद पाहिला आहे, आणि कागदाच्या पलीकडचे सगळे तिने तुमच्यावर सोपवले आहे.

माझ्या पहिल्या क्षेत्रकार्यात मी हातमागाच्या वस्तीत कांड्या भरणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे बसत असे. काही महिन्यांनी मी माझ्या टिपणांतील त्यांचा भाग त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे मी सांगितलं तेव्हा मी काय करत होते?” मी म्हटले, “कांड्या भरत होतात.” त्या म्हणाल्या, “मग ते मी तुला नव्हतं सांगितलं पोरी. ते मी माझ्याशीच बोलत होते, तू तिथं होतीस एवढंच.” त्या पानावर मी त्यांच्यासमोर आडवी रेघ मारली. दुसऱ्या एका पानाला मात्र, जे मी भीतीने गाळायचे ठरवले होते, त्या म्हणाल्या, “हे लिही. हे कळू दे लोकांना.” काय झाकावे आणि काय दाखवावे याचा माझा अंदाज दोन्ही वेळा चुकला होता, आणि विचारल्याशिवाय तो चुकल्याचे मला कधीच कळले नसते.

तेव्हा तुम्ही ताईंकडे परत जा, त्या एकट्या असतील अशी वेळ पाहा, वही त्यांना दिसेल अशी समोर ठेवा आणि सरळ विचारा : “त्या दिवशी तुम्ही भावाबद्दल बोललात ते मला लिहावेसे वाटते, लिहू का?” उत्तर लगेच मागू नका. त्या नाही म्हणाल्या तरी तुमचे येणे-जाणे पूर्वीसारखेच राहील, हे शब्दांनी सांगा आणि पुढच्या आठवड्यात वागण्यातूनही दिसू द्या. त्या हो म्हणाल्या तरी भावाने होकार दिलेला नाही, हे उरतेच. जो माणूस खोलीत नव्हता त्याचे कर्ज आणि त्याचा हात उगारणे त्याच्या बहिणीच्या परवानगीने छापावे का, याचा विचार तुम्हाला मार्गदर्शकांबरोबर बसून करावा लागेल. अनेकदा अशा प्रसंगाचा तपशील न देताही त्यातून निघालेला अर्थ लिहिता येतो. आणि मारहाण आजही चालू असेल, तर प्रबंधाचा प्रश्न बाजूला ठेवा. ताईंना कोणती मदत हवी आहे हे त्यांनाच विचारा, आणि अशी मदत जवळपास कोठे मिळते याची माहिती तुमच्याजवळ क्षेत्रात पाऊल ठेवण्यापूर्वीच असायला हवी होती. नसेल तर आजच मिळवा.

प्रश्न : प्रबंधाचे पुस्तक होत आहे. मी गावाचे आणि सर्व व्यक्तींचे नाव बदलले आहे. गोपनीयतेसाठी एवढे पुरेसे आहे, असे प्रकाशक म्हणतात. तुमचे मत काय?

उत्तर : परक्या वाचकासाठी कदाचित पुरेसे असेल. पण तुमच्या पुस्तकाचे सर्वांत बारकाईने वाचन परका वाचक करणार नाही, ते गाव करणार आहे. १९५८ मध्ये आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन या दोन समाजशास्त्रज्ञांचे न्यूयॉर्क राज्यातील एका छोट्या गावावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. व्यक्ती ओळखू येणार नाहीत, असे आश्वासन मूळ संशोधन प्रकल्पाने गावकऱ्यांना दिले होते, आणि पुस्तकात टोपणनावेच होती. पण गावात सत्ता कोणाच्या हातात आहे हे पुस्तकाचे सूत्र होते आणि गावात सत्ता असलेली माणसे मोजकीच होती. पुढच्या ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत गावकरी मुखवटे घालून, पुस्तकातील टोपणनावांच्या पाट्या लावलेल्या गाड्यांत बसून निघाले, आणि मागे शेणखत पसरण्याच्या गाडीवर लेखकाचा पुतळा खतात वाकलेला ठेवला होता. आपल्याला कोणी ओळखणार नाही असे सांगितले गेलेल्या माणसांनी आपण कोण हे स्वतःच गळ्यात लावून दाखवले. फसवले गेल्याचे दुःख याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण ती संशोधक अत्यंत कळकळीची होती आणि आहे. नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम आयर्लंडमधील एका गावात राहून मानसिक आजार, एकटे राहिलेले शेतकरी आणि कुटुंबातील ताण यांवर अभ्यास केला. १९७९ मध्ये पुस्तक आले, त्याची वाहवा झाली आणि थोड्याच काळात एका पत्रकाराने ते गाव शोधून काढले. गावातील लोकांना त्यासाठी पत्रकाराची गरज नव्हती. त्यांनी स्वतःला ओळखले होते आणि, जे अधिक वाईट, एकमेकांना ओळखले होते. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये त्या परत गेल्या तेव्हा गावाने त्यांना निघून जायला सांगितले. टोपणनावांमुळे आपली लेखणी नको तितकी मोकळी सुटते, आणि खरे नाव लिहायचे असते तर आपण अधिक जबाबदारीने लिहिले असते, असा विचार त्यांनी नंतर मांडला. मला तो पटतो. नाव बदलले की लेखकाच्या मनातील पहारा उठतो.

म्हणून एक कसोटी सुचवते. प्रत्येक प्रकरण शेजारणीच्या, धाकट्या जावेच्या, प्रतिस्पर्धी दुकानदाराच्या नजरेने वाचा. सासूने नवऱ्यामागे धाकट्या सुनेबद्दल जे सांगितले, ते धाकट्या सुनेच्या हाती पडले तर त्या घरात उद्या काय होईल? ज्या गावात एकच परिचारिका आहे, तेथे ‘एक परिचारिका’ हे टोपणनाव नसते. असे उतारे सापडतील तेथे व्यवसाय, वय, घटनेचा क्रम बदलता येतो, एका माणसाचे बोलणे दोघांत वाटता येते, पण या बदलांनी विश्लेषण खोटे पडणार नाही ना हे तपासावे लागते, आणि असे बदल केले आहेत हे प्रस्तावनेत वाचकाला सांगावे लागते. काही ठिकाणी एवढ्यानेही भागत नाही आणि उतारा काढूनच टाकावा लागतो. चांगला उतारा काढताना जीव तुटतो, हे मी अनुभवाने लिहिते.

आणि ज्यांना स्वतःचे नाव हवे आहे त्यांनाही विचारा. एखादा कारागीर, गायिका किंवा औषधी वनस्पतींचा जाणकार आपले आयुष्यभराचे ज्ञान तुम्हाला देतो आणि पुस्तकात ‘एक वृद्ध माहितीदाता’ होऊन बसतो, तेव्हा गोपनीयतेच्या नावाखाली त्याचे श्रेय हिरावले जाते. त्याचे नाव छापले जाणे हा त्याचा हक्क असू शकतो.

प्रश्न : ज्या लोकांबरोबर मी राहतो त्यांचा मला अनेकदा राग येतो, कंटाळा येतो. खासगी डायरीत मी ते लिहितो. एथ्नोग्राफरने असे वाटून घेणे अनैतिक आहे का?

उत्तर : नाही. मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी प्रशांत महासागरातील ट्रोब्रिआंड बेटांवरील मुक्कामातून सहभागी निरीक्षणाची पद्धत घडवली. त्यांची खासगी डायरी त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तेथील लोकांविषयीची चीड आणि तुच्छता वाचून त्यांच्या चाहत्यांना धक्का बसला. राग येणे माणसाचे आहे. त्या रागातून कोणाकडे जाणे टाळले, कोणाचे म्हणणे कमी लिहिले, हे मात्र तपासले पाहिजे. डायरी लिहीत राहा आणि महिन्यातून एकदा ती टिपणांच्या वहीशेजारी ठेवून वाचा. ज्याचा राग आला त्याचे पान वहीत रिकामे दिसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले त्याच्याकडे जा.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीच्या गोदामात कामगारांना कसे वागवले जाते याचा अभ्यास करायचा आहे. ओळख सांगितली तर आत घेणार नाहीत. कामगार म्हणून नोकरीला लागून, ओळख लपवून अभ्यास करणे समर्थनीय आहे का? अन्याय उघड करणे हाही एक नैतिक हेतूच आहे.

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे हे पत्रातून दिसते. पण ओळख लपवून झालेल्या अभ्यासांमध्ये सर्वांत गाजलेल्या अभ्यासाचा हेतूही वाईट नव्हता. लॉड हम्फ्रीज यांनी साठच्या दशकात अमेरिकेत सार्वजनिक स्वच्छतागृहांमध्ये होणाऱ्या पुरुषांमधील लैंगिक संबंधांचा अभ्यास केला. ते तेथे पहारेकऱ्याच्या भूमिकेत उभे राहिले, येणाऱ्यांच्या मोटारींचे क्रमांक टिपून घेतले, त्यांवरून पत्ते मिळवले आणि सुमारे वर्षभराने वेश बदलून, आरोग्यविषयक पाहणीच्या निमित्ताने, त्यांतील ५० पुरुषांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. हे पुरुष चारचौघांसारखेच संसारी आणि प्रतिष्ठित आहेत हे त्यांनी दाखवले, आणि त्यामुळे पोलिसी छळाविरुद्ध एक युक्तिवाद उभा राहिला, असे त्यांचे समर्थक म्हणतात. पण ज्या काळात अशा संबंधांसाठी अटक होत असे आणि संसार, नोकरी सगळे जात असे, त्या काळात ५० घरांचे गुपित एका माणसाच्या कपाटात होते आणि त्या घरांना त्याचा पत्ताच नव्हता. ते फुटले नाही म्हणून जोखीम नव्हती असे होत नाही.

गुप्त अभ्यासाचे दुसरे नुकसान आपल्यानंतर येणाऱ्यांना सोसावे लागते. २० डिसेंबर १९१९ रोजी मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांचे एक पत्र ‘द नेशन’ या अमेरिकी साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात चार मानवशास्त्रज्ञांनी संशोधनाच्या आडून हेरगिरी केली, असे त्यांनी कोणाचेही नाव न घेता लिहिले आणि यामुळे परदेशात प्रामाणिकपणे काम करणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाईल, असे बजावले. दहाच दिवसांत अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या परिषदेने २० विरुद्ध १० मतांनी ठपका ठेवला तो बोआस यांच्यावर. तो ठराव संघटनेने मागे घेतला २००५ मध्ये, बोआस यांच्या मृत्यूला साठ वर्षे उलटून गेल्यावर. त्यानंतर दोनच वर्षांनी, अफगाणिस्तान आणि इराकमध्ये सैन्याच्या तुकड्यांबरोबर सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक पाठवण्याच्या अमेरिकी लष्करी योजनेला याच संघटनेच्या कार्यकारी मंडळाने विरोध केला. प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारी बंदूकधारी उभा असेल तर उत्तर देणाऱ्याची संमती मोकळी राहत नाही, आणि दिलेली माहिती कोणाला लक्ष्य करण्यासाठी वापरली जाईल हे संशोधकाच्या हाती उरत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आता तुमच्या गोदामाकडे येते. बलाढ्य कंपनीला तिच्या कारभाराबद्दल गोपनीयतेचा तोच हक्क आहे जो एखाद्या कुटुंबाला आहे, असे मला वाटत नाही, आणि काही संस्थांचा अन्याय आतून पाहिल्याशिवाय कळत नाही हेही मान्य आहे. अडचण अशी की तुम्ही फसवायला निघाला आहात कंपनीला, पण प्रत्यक्षात रोज फसणार आहे तो तुमच्या पाळीत शेजारी उभा राहून खोकी उचलणारा माणूस. जेवणाच्या सुट्टीत तो तुम्हाला आपल्यातला एक समजून पर्यवेक्षकाबद्दल, युनियनबद्दल, कदाचित स्वतःच्या छोट्या चोरीबद्दल बोलेल. पुस्तक आल्यावर कंपनी वकील लावेल. तो नोकरीवरून जाईल. म्हणून आधी दुसरे सगळे मार्ग चालून पाहा : नोकरी सोडलेले कामगार, कामगार संघटना, न्यायालयांतील आणि कामगार खात्यातील सार्वजनिक कागदपत्रे, आणि कामगारांच्या घरी, स्वतःची ओळख सांगून केलेले काम. हे सारे खरोखरच अपुरे पडले आणि समितीने सर्व जाणून परवानगी दिली, तर आत जाऊन व्यवस्था टिपा, वेग, वेळा, नियम, शिक्षा टिपा, आणि कोणाचे खासगी आयुष्य टिपू नका. प्रसिद्ध करण्यापूर्वी सहकाऱ्यांना गाठून खरे सांगा आणि ज्याला आपला उल्लेख नको असेल त्याचा काढून टाका. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहवणार नाही असे आताच वाटत असेल, तर ते वाटणे गंभीरपणे घ्या.

प्रश्न : मी ज्या तरुणांच्या गटाबरोबर काम करतो ते माझ्यासमोर चोरीच्या मालाबद्दल उघड बोलतात. मी त्यांना ‘तुमचे कोणालाही कळणार नाही’ असा शब्द दिला आहे. उद्या पोलिसांनी किंवा न्यायालयाने वही मागितली तर काय?

उत्तर : तुम्ही दिलेला शब्द तुमच्या हातात नव्हता, ही पहिली अडचण आहे. वकील किंवा डॉक्टर यांना जे कायदेशीर संरक्षण काही प्रमाणात असते ते बहुतेक देशांत संशोधकाला नाही. रिक स्कार्स हे अमेरिकेत समाजशास्त्रात पीएच.डी. करीत असताना प्राणिमुक्ती चळवळीतील लोकांशी झालेले गोपनीय बोलणे सांगायला ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) नकार दिल्यामुळे १९९३ मध्ये १५९ दिवस तुरुंगात होते. बॉस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्या हयातीत उघड होणार नाहीत असे त्यांना सांगितले गेले, आणि २०११ पासून न्यायालयीन आदेशांमार्फत त्यांतील काही मुलाखती पोलिसांनी मागवल्या. बोलणाऱ्यांनी ज्या शब्दावर विसंबून तोंड उघडले, तो शब्द कायद्यापुढे टिकला नाही. तुरुंगात जाण्याची तयारी ही थोर गोष्ट आहे, पण तुमच्या धैर्यावर त्या तरुणांचे भवितव्य अवलंबून राहू नये अशी व्यवस्था आधी करणे अधिक उपयोगाचे.

त्या तरुणांना पुन्हा भेटून शब्द दुरुस्त करा : “मी आपणहून कोणाला सांगणार नाही, पण न्यायालयाने मागितले तर मला अडवता येईलच असे नाही, म्हणून तारीख, जागा, नाव माझ्यासमोर बोलू नका.” ते काही दिवस गप्प होतील. होऊ द्या. वहीत गुन्ह्याचा असा तपशील लिहू नका ज्याची विश्लेषणाला गरज नाही. टोपणनावे पहिल्या दिवसापासून वापरा, ती कोणाची याची यादी वहीपासून वेगळी ठेवा आणि गरज संपताच नष्ट करा. फोनमधील छायाचित्रांत जागा आणि वेळ नोंदली जाते हे विसरू नका, आणि आपोआप इंटरनेटवर साठवण होत असेल तर ती बंद करा. कोणाच्या जिवाला धोका होणार असल्याचे कळले तर गुप्तता पाळणार नाही, हे मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितले तर तो त्यांच्या दृष्टीने दगाच ठरेल.

प्रश्न : मी संशोधक नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत एक संशोधक दोन वर्षे येत असत. आईने त्यांना सगळे सांगितले, गाणी ध्वनिमुद्रित करू दिली. नंतर ते आले नाहीत. अलीकडे त्यांचे पुस्तक परक्या भाषेत आहे असे कळले, म्हणून मागवले. त्यात आईचा फोटो आहे, नाव दुसरेच आहे, आणि आमच्या घराबद्दल काही चुकीचे लिहिले आहे. आई आता नाही. आम्हाला काही विचारण्याचा हक्क आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमचे पत्र मी माझ्या विद्यार्थ्यांना, तुमची ओळख न सांगता, वाचून दाखवणार आहे. त्याला तुमची हरकत असेल तर कळवा.

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई लोकांची हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण फार होते. ज्या मानवशास्त्रज्ञाशी त्यांचे अनेक वर्षांचे विश्वासाचे नाते होते, त्याच्यामार्फत १९९० मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायला सुरुवात केली. लोकांची समजूत अशी की हे मधुमेहासाठी आहे. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, जवळच्या नात्यांतील विवाह आणि त्यांचे पूर्वज कोठून आले यांवरही अभ्यास झाले, आणि आपण याच दरीतून जन्मलो ही त्यांची श्रद्धा तर त्या शेवटच्या अभ्यासाने परस्पर खोटी ठरवली. हे त्यांना कळले २००३ मध्ये, जमातीतील एक स्त्री विद्यापीठात एका प्रबंधाचे सादरीकरण ऐकायला बसली तेव्हा. त्यांनी दावा लावला. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर देण्यात आले, पण त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की उरलेले रक्त त्यांना परत मिळाले आणि त्यांनी ते आपल्या भूमीत परत नेले. तुमच्या आईची गाणी ही रक्ताच्या नमुन्यांपेक्षा वेगळी वस्तू आहे असे कायदा कदाचित म्हणेल. मला तो फरक फारसा जाणवत नाही. एका कामासाठी विश्वासाने दिलेली गोष्ट दुसऱ्याच ठिकाणी पोचली आणि देणाऱ्याला कोणी कळवले नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी समाजाने यावर २०१७ मध्ये स्वतःचीच संशोधन-नीतिसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही मूल्ये, आणि समाजाने ठरवलेली कार्यपद्धती संशोधकाने पाळावी, असे तीत म्हटले आहे. संशोधकांनी खिडकीतून न येता दारातून यावे, असे त्यांच्या एका नेत्याचे म्हणणे होते, आणि दार म्हणजे समाजाने स्वतः आखलेली पद्धत. एरवी बहुतेक वेळा नियम करीत आल्या त्या संशोधकांच्या संघटना. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने १९७१ मध्येच संशोधकाची सर्वांत मोठी बांधिलकी ज्यांचा अभ्यास होतो त्यांच्याशी आहे असे लिहून ठेवले, आणि २०१२ च्या निवेदनात आपले निष्कर्ष उपलब्ध करून द्यावेत व नोंदी नीट जपाव्यात अशीही तत्त्वे घातली. ती सगळी तुमच्या बाजूची आहेत. पण ज्यांच्याबद्दल लिहिले जाते त्यांनीच अटी घालणे ही वेगळी आणि फार मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्या वस्तीलाही ती करता येण्यासारखी आहे.

संशोधकाच्या बाजूनेही थोडे सांगते, कारण मीही हेच केले होते. कांड्या भरणाऱ्या ज्या बाईंचा उल्लेख वर केला, त्यांच्या घरी मी प्रबंधाची बांधीव प्रत घेऊन गेले तेव्हा सहा वर्षे लोटली होती. नोकरी, संसार, दुसरा प्रकल्प. कारणे खरी होती. बाई वारल्या होत्या. सुनेने प्रत दोन्ही हातांनी घेतली, फळीवर ठेवली आणि विचारले, “त्यांचा आवाज आहे का तुमच्याकडे?” आवाज होता. माझ्या कपाटात, एका खोक्यात, सहा वर्षे होता. परत द्यायची वस्तू म्हणजे प्रबंध, असे मी धरून चालले होते आणि त्या घराला काय हवे असेल हे विचारण्याचे मला एकदाही सुचले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी फितीची प्रत घेऊन गेले. तुमच्या संशोधकाचे मन मला माहीत नाही, पण तुमचे पत्र पोचल्यावर त्यांना माझ्यासारखेच ओशाळे वाटण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून पत्र लिहायला कचरू नका.

ते ज्या विद्यापीठात होते तेथे आणि प्रकाशकाकडे एकाच वेळी लिहा. मूळ संशोधक निवृत्त झाले असले तरी संस्थेकडून उत्तर यायला हवे. पुस्तकातील पानांचे क्रमांक देऊन काय चुकीचे आहे आणि खरे काय आहे ते लिहा, नव्या आवृत्तीत दुरुस्ती किंवा तुमचे निवेदन छापण्याची मागणी करा. आईचा फोटो कोणत्या परवानगीने छापला हे विचारा. तिचे खरे नाव छापले जावे की नाही हे आधी भावंडांमध्ये ठरवा, कारण एकदा छापले की मागे घेता येत नाही. पुस्तकाची तुमच्या भाषेतील प्रत, निदान तुमच्या घराविषयीचे प्रकरण भाषांतर करून, मागायला संकोच नको.

पण या सगळ्याच्या आधी, पत्राच्या पहिल्याच ओळीत, ध्वनिफिती कोठे आहेत हे विचारा आणि त्यांच्या प्रती मागा. दुरुस्तीला वर्षभर लागले तरी चालेल. जुन्या फिती मात्र खोक्यात पडून खराब होत जातात.